फाइलीचे सलग पट्टे

[नभोवाणीवरील भाषण]



घरांतील संगणक एके दिवशीं सुरू होत नाहीं. दुरुस्तीसाठीं बोलावलेला गृहस्थ पाहून सांगतो कीं यंत्र गेलें, पण आंतील डिस्क शाबूत आहे. हें ऐकून घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. परंतु ह्या वाक्याचा नेमका अर्थ काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. डिस्क शाबूत आहे म्हणजे तिच्यावर लिहिलेले आंकडे जसेच्या तसे आहेत. पण त्या आंकड्यांच्या महासागरांत मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें कोठें आहेत, वडिलांनीं टंकून ठेवलेला हिशेब कोठें आहे आणि नुसती मोकळी जागा कोठें आहे, हें सांगणारा जो वाचक त्या यंत्रांत होता, तो आतां उरलेला नाहीं. असा वाचक दुसरीकडून आणतां येतो. तसाच तो स्वतः लिहितांहि येतो. आज मी बोलणार आहें तें ह्या दुसऱ्या मार्गाविषयीं.

ह्या कामाला गूढ विद्या लागत नाहीं. गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढें गणित ज्याला येतें, आणि सी किंवा पायथॉन ह्यांसारख्या एखाद्या भाषेंत चारदोनशें ओळी लिहिण्याचा ज्याला कंटाळा नाहीं, त्याला तें साधतें. डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धति पुष्कळ आहेत. त्यांपैकीं 'एक्स्ट४' ही एकच मी आज घेतली आहे. लिनक्स ह्या कार्यप्रणालीची ती घरचीच पद्धति. २००८ सालच्या डिसेंबरांत लिनक्सच्या २.६.२८ ह्या आवृत्तीबरोबर ती स्थिर म्हणून बाहेर पडली. तिची रचना कोणापासूनहि लपविलेली नाहीं. आणि घरगुती संगणक, कचेऱ्यांतील सर्व्हर, फार काय, पुष्कळशा अँड्रॉइड फोनांतहि तिनें जागा मिळविली.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डिस्कला फाइल ठाऊक नसते. तिला फक्त क्रमांक ठाऊक असतात. एक्स्ट४ मध्यें डिस्कची सारी जागा सारख्या आकाराच्या ब्लॉकांत विभागलेली असते, आणि एक ब्लॉक बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. पहिल्या ब्लॉकाचा क्रमांक शून्य, मग एक, दोन, तीन असें शेवटपर्यंत. फाइल म्हणजे ह्यांतील कांहीं ब्लॉकांचा ठराविक क्रमानें लावलेला समूह. हा क्रम कोठें तरी लिहून ठेवावा लागतो. तो कसा लिहावा, ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत.

जुनें उत्तर १९९३ सालीं आलेल्या एक्स्ट२ चें, आणि तेंच पुढें एक्स्ट३ नेंहि चालविलें. प्रत्येक फाइलीच्या नोंदींत पंधरा घरें. पहिल्या बारा घरांत फाइलीच्या पहिल्या बारा ब्लॉकांचे क्रमांक सरळ लिहिलेले. तेराव्या घरांत अशा एका ब्लॉकाचा क्रमांक, कीं ज्यांत पुढच्या ब्लॉकांची यादी आहे. चौदाव्या घरांत याद्यांची यादी, आणि पंधराव्यांत याद्यांच्या याद्यांची यादी. प्रत्येक ब्लॉकासाठीं एक स्वतंत्र नोंद, हें ह्या पद्धतीचें तत्त्व. एखाद्या खातेदाराची जमीन सर्व्हे नंबर ४१ पासून ४८ पर्यंत सलग असतांना तलाठ्यानें एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस अशा आठ निरनिराळ्या ओळी लिहाव्या, तसाच हा प्रकार. १,०७,३७,४१,८२४ बाइटांचें, म्हणजे एका गिगाबाइटाचें, चलच्चित्र घेतलें तर त्याचे २,६२,१४४ ब्लॉक होतात. आणि प्रत्येक क्रमांकाला चार बाइट धरले तर नुसत्या यादीलाच १०,४८,५७६ बाइट खर्ची पडतात.

नवें उत्तर शहाण्या तलाठ्याचें. तो लिहितो: 'एकेचाळीसपासून आठ नंबर.' सलग ब्लॉकांच्या अशा एका पट्ट्याला ह्या शास्त्रांत 'एक्स्टेंट' म्हणतात. मी त्याला सलग पट्टा किंवा नुसता पट्टा म्हणेन. एका पट्ट्याची नोंद बारा बाइटांची असते आणि ती अधिकांत अधिक ३२,७६८ ब्लॉक व्यापते. त्यामुळें वर सांगितलेलें चलच्चित्र डिस्कवर अगदीं सलग पडलें असेल तर आठ नोंदींत, म्हणजे शहाण्णव बाइटांत, त्याचा सारा पत्ता मावतो. कल्पना एक्स्ट४ च्या कर्त्यांची स्वतःची नव्हे. आय्. बी. एम्. च्या ३६० यंत्रांवर १९६० नंतरच्या दशकांत ती होती. ॲपलच्या १९८५ सालच्या एच्. एफ्. एस्. मध्यें प्रत्येक फाइलीचे पहिले तीन पट्टे तिच्या सूचींतील नोंदींतच लिहीत. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९४ सालच्या एक्स. एफ्. एस्. चाहि पाया हाच. चांगली कल्पना उशिरा आली म्हणून कांहीं वाईट ठरत नाहीं.

परंतु ह्या संक्षेपाची एक किंमत आहे. जुनी यादी लांबट आणि भोळी होती. फाइलीच्या मध्येंच एखादा ब्लॉक नसेल तर त्याच्या घरांत शून्य लिहिलेलें असे. वाचणाऱ्याला तें डोळ्यांनीं दिसे. नव्या पद्धतींत जें नाहीं तें लिहिलेलेंच नसतें. तें न लिहिण्यांतहि अर्थ असतो, आणि तो ज्याला कळला नाहीं असा वाचक फाइल म्हणून भलतेंच कांहीं तरी आपल्या हातीं ठेवतो. माझ्या मतें ह्या विषयांत खरें कठीण काय तें एवढेंच. बाकीचा सारा पत्ता शोधण्याचा भाग आहे. तो प्रथम उरकून घेऊं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी, कारण आंकडे नुसते ऐकून लक्षांत राहत नाहींत.

डिस्कच्या ज्या विभागांत फाइली आहेत त्याचे पहिले १,०२४ बाइट यंत्र सुरू करण्याच्या कामासाठीं मोकळे सोडलेले असतात. ते ओलांडले कीं 'सुपरब्लॉक' लागतो. तोहि १,०२४ बाइटांचाच. सबंध मांडणीचा ताळेबंद त्यांत असतो. त्याच्या आरंभापासून छप्पन्न बाइट सोडून पुढचे दोन बाइट वाचावे. तेथें ६१,२६७ हा आंकडा मिळाला तर ही एक्स्ट घराण्याची मुद्रा समजावी. न मिळाला तर तेथेंच थांबावें. पण तो आंकडा डिस्कवर ८३ आणि मग २३९ असा दोन बाइटांत लिहिलेला सांपडेल. कारण येथें लहान किमतीचा बाइट आधीं आणि मोठ्या किमतीचा मागाहून लिहिण्याची रीत आहे. २३९ ला २५६ नें गुणून ८३ मिळवावे म्हणजे हिशेब जुळतो. मराठी माणसाला ही रीत विचित्र वाटण्याचें कारण नाहीं. आपण 'पंचवीस' म्हणतों तेव्हां पांच आधीं आणि वीस मागाहून उच्चारतों. आणि जुन्या ग्रंथांत शब्दांनीं शक सांगतांनाहि एकं स्थानाचा अंक प्रथम येत असे.

सुपरब्लॉकांतील आणखी थोड्याच गोष्टी आपल्याला हव्यात. चोविसाव्या स्थानीं ब्लॉकाचा आकार आहे. पण तेथें ४,०९६ शोधणाऱ्याला २ सांपडतात. १,०२४ ची किती वेळां दुप्पट करावयाची, एवढेंच तेथें लिहितात. चाळिसाव्या स्थानीं दर गटांत किती फाइलींच्या नोंदी आहेत तें, अठ्ठ्याऐंशीव्या स्थानीं एका नोंदीची लांबी, आणि शहाण्णवाव्या स्थानीं खुणांचा एक आंकडा. ह्या शेवटच्या आंकड्याकडे विशेष लक्ष द्यावें. त्यांतील प्रत्येक द्विमान अंक मांडणीचें एकेक वैशिष्ट्य सांगतो: ६४ ची खूण सलग पट्ट्यांची, १२८ ची मोठ्या क्रमांकांची, ४ ची खूण असेल तर डिस्क नीट बंद न करतां काढलेली आहे. ह्या विशिष्ट यादीपुरता कर्त्यांचा नियम असा, कीं जिचा अर्थ आपल्याला ठाऊक नाहीं अशी एक जरी खूण आढळली, तरी वाचकानें ती डिस्क वाचण्यास नकार द्यावा. हा नियम पाळणारा प्रोग्राम दिसावयास अडाणी दिसतो. पण अर्धवट समजलेला कागद ठासून वाचून दाखविणाऱ्यापेक्षां तो कितीतरी पत्करला.

आतां फाइलीची नोंद. तिला 'आयनोड' म्हणतात. फाइल कोणाची, केव्हांची, केवढी आणि कोठें आहे, हें सारें तींत असतें. फक्त नांव नसतें. नांव राहतें निर्देशिकेंत. प्रत्येक आयनोडाला क्रमांक आहे आणि त्याची मोजणी एकापासून होते. समजा, आपल्याला १,३१,०७५ क्रमांकाचा आयनोड पाहिजे आहे आणि दर गटांत ८,१९२ आयनोड आहेत. क्रमांकांतून एक वजा करावा, १,३१,०७४ उरले. त्यांस ८,१९२ नीं भागिलें असतां भागाकार १६ आणि बाकी २. म्हणजे सोळा क्रमांकाच्या गटांत, आरंभींचे दोन सोडून तिसरा. गटांची वर्णनें, ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असेल तर, एक क्रमांकाच्या ब्लॉकापासून सुरू होतात. एक वर्णन ६४ बाइटांचें धरलें तर सोळाव्या गटाचें वर्णन ४,०९६ अधिक १,०२४, म्हणजे ५,१२० व्या स्थानीं. त्यांत आठ बाइट पुढें गेलें कीं त्या गटाचा आयनोड-तक्ता कोणत्या ब्लॉकापासून आहे तें मिळतें. तेथें ५,२४,३२० हा क्रमांक सांपडला असें धरूं. एक आयनोड २५६ बाइटांचा. दोन सोडावयाचे, म्हणून ५१२. तेव्हां आपला आयनोड सुरू होतो तो ५,२४,३२० गुणिलें ४,०९६, अधिक ५१२, म्हणजे २,१४,७६,१५,२३२ ह्या स्थानीं.

हा शेवटला आंकडा मीं मुद्दाम येथवर आणला. सी भाषेंतील साधा 'इंट' बहुतेक यंत्रांवर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजतो. आपला आंकडा त्याच्या किंचित् पुढें गेला आहे. साध्या इंटांत हा गुणाकार केला तर उत्तर भलतेंच येतें, बहुधा ऋण; आणि गंमत अशी कीं लहान डिस्कवर तोच प्रोग्राम वर्षानुवर्षें बिनचूक चालतो. तेव्हां डिस्कवरील स्थानाचा प्रत्येक गुणाकार चौसष्ट अंकी पात्रांत करावा, आणि पात्र गुणाकारापूर्वीं बदलावें, नंतर नव्हे.

आयनोड हातीं आल्यावर त्याच्या बत्तिसाव्या स्थानचा खुणांचा आंकडा पाहावा. त्यांत ५,२४,२८८ ची खूण असेल तर ही फाइल सलग पट्ट्यांची. नसेल तर ती सामान्यतः जुन्या पंधरा घरांची. एकाच डिस्कवर दोन्ही प्रकार सुखानें नांदूं शकतात, कारण एक्स्ट३ ची डिस्क पुढें एक्स्ट४ करून घेतली तरी जुन्या फाइली आपल्या जुन्याच चालीवर राहतात. म्हणून ही चौकशी डिस्कमागें एकदां नव्हे, तर प्रत्येक फाइलीमागें करावी.

चाळिसाव्या स्थानापासूनचे साठ बाइट हें सर्व शोधाचें मर्मस्थान. त्यांत पांच खण, प्रत्येक बारा बाइटांचा. पहिल्या खणांत शिरोलेख: प्रथम ६२,२१८ ही मुद्रा, मग किती नोंदी आहेत, किती मावतात, आणि वृक्षाची खोली किती. खोली शून्य असेल तर पुढच्या चार खणांत प्रत्यक्ष पट्टे आहेत. पट्ट्याच्या नोंदींत चार गोष्टी: फाइलींतील कितव्या ब्लॉकापासून, ही चार बाइटांत, किती ब्लॉक, ही दोन बाइटांत, आणि डिस्कवरील क्रमांक दोन तुकड्यांत, आधीं वरचा भाग दोन बाइटांत, मग खालचा भाग चार बाइटांत. वरचा भाग सोडून देणारे आळशी प्रोग्राम मीं पाहिले आहेत. ४,०९६ बाइटांचे ब्लॉक असतां डिस्क सोळा टेराबाइटांच्या आंत असेल तोंवर वरचा भाग शून्यच असतो, आणि म्हणून त्यांचें पितळ उघडें पडत नाहीं.

आतां एक नमुन्याची फाइल घेऊं. ती ५०,००० बाइटांची आहे. तिच्या आयनोडांत तीन पट्टे आहेत. पहिला: फाइलींतील ० पासून, लांबी ५, डिस्कवर ९,००,००० पासून. दुसरा: फाइलींतील ८ पासून, लांबी ३२,७७२, डिस्कवर ९,१०,००० पासून. तिसरा: फाइलींतील १२ पासून, लांबी १, डिस्कवर ७,००,०१६.

पहिला पट्टा सरळ आहे. डिस्कवरील पांच ब्लॉक वाचले, २०,४८० बाइट मिळाले. पण दुसरा पट्टा सुरू होतो आठपासून. पांच, सहा आणि सात ह्यांचें काय? त्यांविषयीं कोठेंहि एक अक्षर नाहीं. ही 'पोकळी'. फाइल लिहिणाऱ्यानें तेवढी जागा ओलांडून पुढें लिहिलें; म्हणून तिला डिस्कवर जागाच दिली गेली नाहीं. ती वाचतांना तीन ब्लॉकांचीं शून्यें, म्हणजे १२,२८८ शून्य बाइट, द्यावयाचे. जो प्रोग्राम पट्टे नुसते एकापुढें एक जोडीत जातो, तो ह्या ठिकाणीं फाइल आंखूड करतो, आणि त्यापुढील प्रत्येक बाइट आपली जागा सोडून मागें सरकतो. चित्राच्या किंवा हिशेबाच्या फाइलींत ह्याचा परिणाम म्हणजे सर्वनाश.

दुसरा पट्टा अधिक कपटी. त्याची लांबी ३२,७७२ लिहिली आहे. परंतु पट्टा ३२,७६८ हून मोठा असूं शकत नाहीं, हें आपण मघाशीं पाहिलें. तेव्हां ही लांबी नव्हे, ही खूण आहे. ३२,७६८ वजा करावे. उरलेले ४ हे खरे ब्लॉक, आणि हा पट्टा 'अलिखित'. म्हणजे फाइलीनें जागा राखून ठेविली आहे, पण तींत अद्याप कांहीं लिहिलेलें नाहीं. ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करणारे प्रोग्राम, मोठ्या फाइली उतरवून घेणारे, माहितीचे साठे सांभाळणारे, हे सारे पुढें जागा अपुरी पडूं नये म्हणून असें आरक्षण करतात. आतां ९,१०,००० पासूनच्या त्या चार ब्लॉकांत प्रत्यक्ष काय आहे? पूर्वीं तेथें जी फाइल होती आणि जी पुसली गेली, तिचे अवशेष. तें एखादें पत्र असेल. कोणाच्या आजाराचा कागद असेल. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा खाजगी मजकूर असेल. एक्स्ट४ ची हमी अशी कीं हा पट्टा वाचणाऱ्याला शून्यें मिळतील, दुसरें कांहींहि नाहीं. आपला प्रोग्राम ही हमी मोडून तेथील बाइट खुशाल उचलून देऊं लागला, तर त्यानें एकाच वेळीं दोन अपराध केले: ह्या फाइलींत जें कधींच नव्हतें तें तिच्या तोंडीं घातलें, आणि दुसऱ्याचें जें पुसलें गेलें होतें तें उघड्यावर आणलें. अशी फाइल उद्यां पुरावा म्हणून कोणापुढें आली तर काय अनर्थ होईल याची कल्पना करावी.

आणि येथें एक बारीक खोंच आहे. ३२,७६८ पेक्षां मोठी असेल तरच लांबी अलिखिताची. बरोबर ३२,७६८ असेल तर पट्टा लिहिलेलाच आहे, आणि तो पूर्ण लांबीचा आहे. पुष्कळ जण सोळावा द्विमान अंक लागलेला दिसला कीं पट्टा अलिखित ठरवून मोकळे होतात. मग बरोबर ३२,७६८ लांबीचा पट्टा त्यांच्या हिशेबीं शून्य लांबीचा अलिखित पट्टा होतो! आपलें तें एक गिगाबाइटाचें चलच्चित्र आठवावें: सलग पडलें असतां त्याचे आठहि पट्टे नेमके ह्याच लांबीचे. म्हणजे डिस्कनें जी फाइल सर्वांत नीटनेटकी ठेविली, तीच ह्या वाचकाला संपूर्ण कोरी दिसावयाची.

तिसरा पट्टा एका ब्लॉकाचा. आतांपर्यंत २०,४८०, १२,२८८ आणि १६,३८४ मिळून ४९,१५२ बाइट झाले. फाइल ५०,००० बाइटांची. तेव्हां ह्या शेवटच्या ब्लॉकांतून ८४८ बाइट घ्यावयाचे आणि राहिलेले ३,२४८ सोडून द्यावयाचे. मराठेशाहींतील पत्रांत मजकूर संपला कीं तेथें मोर्तब करीत. हेतु हा कीं त्यापुढें कोणी कांहीं जोडूं नये. आयनोडांतील आकार हें फाइलीचें मोर्तब होय. त्याच्या पलीकडे त्या ब्लॉकांत शून्यें असोत वा आणखी कांहीं असो, तें फाइलीचें नव्हे. कधीं कधीं तर मोर्तबाच्या पलीकडेहि संबंध पट्टे राखून ठेवलेले आढळतात. त्यांनाहि हात लावूं नये. हा आकारहि दोन तुकड्यांत आहे: खालचा भाग आयनोडाच्या चौथ्या स्थानीं, वरचा एकशेंआठव्या. ४,२९,४९,६७,२९६ बाइटांची किंवा त्याहून मोठी फाइल असेल तर वरचा भाग वांचल्याशिवाय गत्यंतर नाहीं, आणि लग्नसमारंभाचें चित्रण आजकाल सहज तेवढें होतें.

चार खण पुरले नाहींत तर काय, हें आतां थोडक्यांत सांगतों. वर उल्लेखिलेल्या चलच्चित्राला आठ पट्टे लागतात. आयनोडांत मावतात चार. अशा वेळीं शिरोलेखांतील खोली एक होते, आणि खणांत पट्ट्यांऐवजीं दुसऱ्या ब्लॉकांचे पत्ते येतात. ४,०९६ बाइटांच्या अशा प्रत्येक ब्लॉकांत पुन्हां तसाच शिरोलेख, आणि त्याखालीं ३४० पर्यंत नोंदी. चार बाइट शिल्लक उरतात; तेथें २०१२ सालापासून पडताळ्याचा आंकडा ठेवण्याची सोय झाली. पत्त्याची नोंदहि बाराच बाइटांची, पण तींत डिस्कवरील क्रमांकाचा खालचा भाग आधीं आणि वरचा मागाहून येतो, म्हणजे पट्ट्याच्या नोंदीच्या नेमका उलट. असें कां केलें असावें याचें मला नवल वाटतें. पण नियम तो नियम. दोन्ही नोंदी एकाच सांच्यांतून काढूं नयेत. वृक्षाची खोली पांचाहून अधिक नसते. प्रत्येक पायरी उतरतांना खोली नेमकी एकानें कमी झाली कीं नाहीं हें पडताळून पाहावें. नाहीं तर बिघडलेल्या डिस्कवर एखादा ब्लॉक स्वतःचाच पत्ता सांगतो आणि बिचारा वाचक गोल गोल फिरत राहतो.

फाइलीचा क्रमांक मुळांत मिळवावयाचा कोठून, हा प्रश्न राहिला. मूळ निर्देशिकेचा आयनोड नेहमीं दोन क्रमांकाचा. निर्देशिका ही देखील एक फाइलच. तिचेहि पट्टे असेच वाचावयाचे, आणि त्यांत क्रमांक व नांव अशा जोड्या सांपडतात. तेथून हवी ती निर्देशिका, तेथून हवी ती फाइल. एका नांवाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ लेखनांत देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट घेतें, म्हणून मराठी नांवाला फार तर पंच्याऐंशी चिन्हें मिळतात, आणि काना, मात्रा, हलंत हीं सारीं त्यांतच मोजलीं जातात. इंग्रजींत लांबलचक नांव देणाऱ्या शेजाऱ्याचा हेवा वाटावा अशीच ही वांटणी आहे.

ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं घरच्या एकुलत्या एका डिस्कवर हात चालवूं नये. प्रथम सबंध डिस्कची बाइटन् बाइट प्रत दुसऱ्या डिस्कवर एका फाइलींत उतरावी, आणि ती केवळ वाचनासाठीं उघडावी. मूळ डिस्क त्या वेळीं कोणत्याहि यंत्रांत चालूं नसावी. कारण चालू डिस्कवर अर्धी नोंद कागदावर आणि अर्धी यंत्राच्या स्मरणांत असते. नीट बंद न झालेल्या डिस्कवर कांहीं ताज्या नोंदी 'जर्नल' नांवाच्या रोजनाम्यांत अडकलेल्या असतात. त्या प्रतीवर आधीं लिनक्सच्याच साधनांकडून खातेबंद करून घ्याव्या आणि मग आपला वाचक चालवावा. प्रोग्रामची परीक्षाहि अशाच एका लहानशा नकली डिस्कवर घ्यावी. तींत एक साधी फाइल ठेवावी, एक पोकळी असलेली, एक राखीव जागेची, आणि एक बरोबर ३२,७६८ ब्लॉकांची. 'डीबगएफएस' हें साधन प्रत्येकीचे पट्टे छापून दाखवितें. ते आपल्या प्रोग्रामच्या यादीशीं ताडून पाहावे, आणि मग दोन्ही वाचकांनीं दिलेल्या फाइली बाइटागणिक तपासाव्या.

पुसलेली फाइल ह्या रीतीनें परत मिळेल काय, असा प्रश्न आपल्यापैकीं कोणाच्या तरी मनांत खास आला असेल. फाइल पुसतांना एक्स्ट४ आयनोडांतील नोंदींची संख्या शून्य करून ठेवतें. तेव्हां मजकूर डिस्कवर कोठें तरी पडून असला, तरी मीं सांगितलेल्या वाचकाला तेथें एकहि पट्टा दिसत नाहीं. रोजनाम्यांत त्या आयनोडाची जुनी प्रत राहून गेली असेल तर तिच्यावरून शोध घेणारीं साधनें आहेत. पण त्यांना ही संधि किती दिवस मिळेल हें त्यानंतर डिस्कवर किती लिहिलें गेलें यावर अवलंबून असतें, म्हणून चुकून कांहीं पुसलें गेल्यास यंत्र तत्काळ बंद करावें.